रंगाखालची ओल

बंगळुरूच्या गरुडाचारपाळ्यातल्या त्या घरात आम्ही सामान घेऊन पोचलो तेव्हा मालकीणबाई आमच्याआधीच स्वयंपाकघरात उभ्या होत्या. ‘हालु उक्किसि,’ त्या म्हणाल्या. दूध उतू घाला. घर स्वतःचं असो की भाड्याचं, पहिल्या दिवशी चुलीवर दूध उतू जाऊ द्यायचं, ही तिकडची रीत. बायकोने पिशवीतून पातेलं काढलं, दूध फसफसून शेगडीवर सांडलं, सगळ्यांना बरं वाटलं. मग ओटा पुसायला नळ सोडला. नळाने दोनदा खाकरून घेतलं आणि तो गप्प झाला. टँकर आला संध्याकाळी साडेसातला. तोवर दूध ओट्यावर वाळून खरवडण्यालायक झालं होतं.

पाण्याचं एकवेळ ठीक. आठवडाभरात आपण बादल्या भरून ठेवायला शिकतो. खरी गंमत दीड महिन्याने कळली. सप्टेंबरचा पाऊस लागला आणि बेडरूमच्या कपाटामागच्या भिंतीवर, नव्याकोऱ्या रंगाखालून, नकाशासारखा एक डाग वर आला. आधी पिवळट, मग काळपट. बोटाने दाबलं तर रंगाचा पोपडा साबणाच्या फेसासारखा आत गेला. मालकांना फोटो पाठवला. उत्तर आलं की आधीच्या भाडेकरूंची कधी तक्रार नव्हती. आधीचा भाडेकरू पुढे एकदा खालच्या दुकानात भेटला. तो हसला. म्हणाला, त्या भिंतीला आम्ही कपाट लावलंच नव्हतं, आणि जाताना पेंटिंगचे म्हणून माझ्या डिपॉझिटमधून एक महिन्याचं भाडं कापलं, ते त्याच भिंतीवर गेलं असणार.

त्या वाक्यावर मी गेली काही वर्षं विचार करतोय. बंगळुरूत घर सोडताना एक महिन्याचं भाडं रंगकामासाठी कापून घ्यायची पद्धत इतकी रुळली आहे की कुणी तिच्यावर वादही घालत नाही. तिचा अर्थ मात्र नीट पाहण्यासारखा आहे. जाणाऱ्या भाडेकरूच्या पैशाने येणाऱ्या भाडेकरूपासून ओल लपवली जाते. भिंत कधीच दुरुस्त होत नाही, कारण दुरुस्तीपेक्षा रंग स्वस्त, आणि तोही मालकाच्या खिशातून जात नाही. भाड्याच्या घराची दुरवस्था हा नशिबाचा भाग नसतो. तिच्यामागे असा एक हिशेब असतो, आणि तो पिढ्यान् पिढ्या एका भाडेकरूकडून दुसऱ्याकडे सरकवला जातो. फरक एवढाच की इथे पिढी अकरा महिन्यांची असते.

आमचं ते घर ज्या भागात होतं, त्या महादेवपुऱ्याचं नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं ते ऑगस्ट २०२५ मध्ये, मतदारयाद्यांच्या वादामुळे. एका लहानशा खोलीच्या पत्त्यावर ८० मतदार नोंदले आहेत, असा आरोप तेव्हा गाजला. त्या राजकारणात मी शिरत नाही. पण बातमीदार त्या खोलीवर पोचले तेव्हा जे चित्र पुढे आलं, ते इथे राहिलेल्या कुणालाही ओळखीचं वाटावं: भाडेकरू येतात, काही महिने राहतात, जातात, मागे कागदावरचा पत्ता तेवढा उरतो. हा भागच मुळी ये-जा करणाऱ्यांचा. पूर्वी इथे तळ्यांच्या काठची खेडी होती. मग महादेवपुऱ्याची वेगळी नगरपालिका झाली. २००७ मध्ये ती आणि भोवतालची ११० गावं बृहत् बंगळुरू महानगरपालिकेत आली. सप्टेंबर २०२५ पासून पुन्हा तुकडे होऊन हा मुलूख बंगळुरू पूर्व महापालिकेत गेला आहे. गटार तुंबलं तर अर्ज कुठे द्यायचा, हे दर काही वर्षांनी नव्याने शिकावं लागतं. मूळ रहिवाशाला त्याची सवय आहे. भाडेकरू शिकेपर्यंत त्याचा करार संपतो.

आयटीपीएल टेक पार्क, बाहेरचा रिंग रोड, व्हाइटफील्ड, मारतहळ्ळी यांच्या मधल्या पट्ट्यात पुण्या-नागपूरकडची, कोल्हापूर-सांगलीकडची आणि अर्थात बेळगावची माणसं रग्गड आहेत. शहाजीराजांना १६३८ नंतर बंगळूर जहागीर मिळाली तेव्हापासून आपली ये-जा आहे, असं मराठी मंडळींच्या गणपतीत कुणीतरी दरवर्षी सांगतंच. राजांना दहा महिन्यांचं डिपॉझिट पडलं नव्हतं एवढं खरं. मार्च २०२३ मध्ये व्हाइटफील्ड ते के. आर. पुरा आणि त्या ऑक्टोबरमध्ये पुढे बैयप्पनहळ्ळीपर्यंत मेट्रो जोडली गेली, आणि स्टेशनाच्या चालत अंतरावरच्या खोल्यांना आणखी भाव आला. मागणी अशी तापलेली असली की घर दाखवणारा पंधरा मिनिटं देतो. मागे दुसरी पार्टी उभी असते. तुम्ही छताकडे बघत राहिलात तर ती टोकन देऊन मोकळी होते.

घरं तरी कशी? मोठ्या सोसायट्या सोडल्या तर इथलं नेहमीचं घर म्हणजे ‘थर्टी-फॉर्टी’वरची इमारत. तीस बाय चाळीस फुटांचा प्लॉट, बाराशे चौरस फूट, त्यावर चार-पाच मजले, मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडं. शेजारच्या इमारतीत आणि आपल्यात हात जाईल एवढी फट. खिडकी आहे, पण ती उघडते समोरच्या भिंतीवर. ऊन नाही, वारा नाही, वरच्या बाथरूमचं पाणी खालच्या छतात, आणि बाहेर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरची ती सुप्रसिद्ध गार हवा, जी आत आली तर बुरशी आली नसती. विशेष म्हणजे हेच शहर हा धडा एकदा शिकलेलं आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, दोन वर्षांत बंगळुरूत पोचला. अंधाऱ्या, कोंदट घरांवर बोट ठेवलं गेलं. मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, बंगळुरूत मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या मोकळ्याढाकळ्या वसाहती उभ्या राहिल्या. सव्वाशे वर्षांनी शहराच्या पूर्व टोकाला आपण पुन्हा बिनखिडकीच्या खोल्या बांधतो आणि त्याला वन-बीएचके म्हणतो.

बरं, सगळे दोष घराचेच असतात असंही नाही. इथले निम्मे दोष पत्त्यातच असतात. मालक कितीही सज्जन असला तरी ते पूर्णपणे त्याच्या हातात नसतात. पाणी हा त्यातला पहिला. ११० गावांना कावेरीचं पाणी देणारा पाचवा टप्पा १६ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाला. तोरेकाडनहळ्ळीहून, सुमारे १०० किलोमीटरवरून, दिवसाला ७७.५ कोटी लिटर आणायची त्याची क्षमता. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बोअरवेल कोरड्या पडल्या होत्या आणि जिल्हा प्रशासनाला टँकरचे दर बांधून द्यावे लागले होते: पाच किलोमीटरच्या आत १२ हजार लिटरचा टँकर हजार रुपयांना. नळवाहिनी गल्लीपर्यंत आली तरी इमारतीची जोडणी घ्यायची की नाही हे मालक ठरवतो, आणि त्याचा खर्चही त्यालाच येतो. म्हणून ‘कावेरी आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. जोडणी आहे का, आठवड्यातून किती वार येतं, तळटाकी केवढी आहे, हे विचारायला हवं. ‘ट्वेंटीफोर आवर्स वॉटर’ या पाटीचा इथला अर्थ चोवीस तास बोअरचं पाणी असा असू शकतो. ते पाणी इतकं जड की सहा महिन्यांत गीझरची कॉइल चुनखडीने पांढरी होते आणि नळाच्या तोंडावरची जाळी बुजते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलं जातं. क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र आता स्वस्तात मिळतं. घर बघायला जाताना खिशात न्यावं. दलाल चमत्कारिक नजरेने बघतो, बघू द्यावं.

दुसरा पत्त्यातला दोष म्हणजे उतार. तळ्यातून तळ्यात पाणी नेणारे जुने नाले, ज्यांना इथे राजकालुवे म्हणतात, ते बुजवून किंवा अरुंद करून बांधकामं झाली. सप्टेंबर २०२२ च्या सुरुवातीला रिंग रोडचा पट्टा पाण्याखाली गेला, संगणक अभियंते ट्रॅक्टरमधून कामावर गेले, तळघरातल्या गाड्या बुडाल्या. त्यानंतर महादेवपुऱ्यात नाल्यांवरची अतिक्रमणं पाडायची मोहीम झाली. बेळ्ळंदूरचं तळं तर फेसासाठी आणि चक्क आग लागल्याबद्दल जगात गाजलं. तळमजल्याचं घर पाचेकशे रुपयांनी स्वस्त का मिळतंय, याचं उत्तर बहुतेक वेळा समोरच्या इमारतीच्या कंपाउंडवर असतं. तिथे गुडघ्याएवढ्या उंचीवर पाण्याची मातकट रेघ असते. ती रंगवायचं कुणाच्या मनात येत नाही, कारण ते घर भाड्याने द्यायचं नसतं.

आता कायद्याकडे. भाडेकरूच्या बाजूने कायदा असतो असा आपल्याकडे एक समज आहे. तो मुंबईच्या पागडीच्या जागांवरून आलेला. बंगळुरूत तो घेऊन गेलात तर फसाल. कर्नाटकाचा भाडे कायदा १९९९ चा, पण बंगळुरूसारख्या शहरात दरमहा ३,५०० रुपयांहून जास्त भाड्याच्या जागेला तो लागूच होत नाही. महादेवपुऱ्यात त्या पैशात पीजीतली खाटही मिळायची नाही. या मर्यादेत बसणारे लोक आहेत, नाही असं नाही: मुन्नेकोळाल, पणत्तूर भागात पत्र्याच्या शेडमध्ये राहणारे मजूर, घरकामाच्या बाया, कचरा वेचणारे. त्यांच्याकडे भाड्याची पावती नाही, करार नाही. जानेवारी २०२० मध्ये करियम्मन अग्रहारातल्या अशा शेड पाडल्या गेल्या, माणसं परदेशी आहेत या संशयावरून. उच्च न्यायालयाला मध्ये पडून पुढची कारवाई थांबवावी लागली. म्हणजे कायदा ज्यांना लागू आहे त्यांच्याकडे कागद नाही आणि ज्यांच्याकडे कागद आहे त्यांना कायदा लागू नाही.

मग उरतो तो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याचं कलम १०८ आपल्या कामाचं. मालकाला माहीत असलेला आणि भाडेकरूला साध्या पाहणीत न कळणारा महत्त्वाचा दोष मालकाने सांगितलाच पाहिजे, असं ते म्हणतं. रंगाखालची ओल याहून नेमक्या शब्दांत कुणी सांगितली नसती. जी दुरुस्ती करायला मालक बांधील आहे ती त्याने सूचना देऊनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, हेही त्यात आहे. घर सोडताना मूळ स्थितीत परत द्यावं, मात्र वापराने होणारी सर्वसाधारण झीज सोडून, हेही आहे. इतकं वाचून उत्साह येतो. पण कलमाच्या तोंडालाच अट आहे: करार किंवा स्थानिक रूढी याहून वेगळी नसेल तर. रंगकामाचा महिना इथेच घुसतो. रूढी आहे आणि करारात लिहिलेलंही असतं. आणि ‘जी दुरुस्ती करायला मालक बांधील आहे’ या शब्दांतली मेख अशी की करारात लिहिलं नसेल तर तो बांधील आहे हे सिद्ध करणं तुमच्यावर येतं.

म्हणून त्या अकरा महिन्यांच्या करारातलं एक वाक्य जवळून बघू. ते जवळजवळ प्रत्येक करारात असतं, चौथ्या-पाचव्या कलमात, इंग्रजीत. त्याचा मतलब असा: भाडेकरूने जागेची पाहणी केली असून ती चांगल्या व राहण्यायोग्य स्थितीत असल्याची त्याची खात्री झाली आहे. ही सही आपण कधी करतो? दलालाच्या टेबलावर, चावी मिळायच्या आधी. तेव्हा आपण त्या घरातला नळ एकदाही दोन मिनिटांहून जास्त चालू ठेवलेला नसतो, गीझर लावलेला नसतो, पाऊस तर बघितलेलाच नसतो. अकरा महिन्यांचा करार का, तर वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीचं आहे आणि तो खर्च-खटाटोप कुणाला नको असतो. त्यामुळे या कागदाचा मसुदा वर्षानुवर्षं त्याच झेरॉक्सवाल्याकडे पडून असतो, फक्त नावं बदलतात. माझ्या दुसऱ्या करारात आधीच्या भाडेकरूच्या वडिलांचं नाव दोन ठिकाणी तसंच राहिलं होतं. मी ते खोडून माझ्या वडिलांचं नाव लिहिलं आणि त्या ‘चांगल्या स्थितीत’च्या पुढे पेनाने जोडलं: ‘सोबतच्या यादीतील बाबी सोडून’. मालकांनी मान वर न करता सही केली. एवढी साधी गोष्ट पहिल्या वेळी सुचली नव्हती.

शासनाला हे कळत नाही असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बंगळुरू महापालिकेने पीजींसाठी नियम काढले: माणशी किमान ७० चौरस फूट जागा, रोज १३५ लिटर पाणी, सीसीटीव्ही, स्वच्छता. आधीच्या महिन्यात एका पीजीत तरुणीचा खून झाला होता, त्यानंतरचं हे शहाणपण. पण त्यामुळे एक विचित्र अवस्था आली आहे. खाट भाड्याने दिली तर किती पाणी द्यावं हे लिहिलेलं आहे. अख्खं घर भाड्याने दिलं तर काहीच नाही. केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यात ही उणीव बरीच भरली होती. राहत्या घराला दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट नको. भिंती, रंग, नळवाहिन्या, वायरिंग मालकाने बघावं. तोट्या, स्विच, गीझर, कड्याकुलपं भाडेकरूने. मालकाने टाळलं तर भाडेकरूने करून घेऊन भाड्यातून कापावं, मात्र महिन्याच्या निम्म्या भाड्याहून जास्त नाही. भिंतींना रंग देणं मालकाच्या यादीत आहे, हे मुद्दाम पुन्हा सांगतो. पण तो मसुदा आहे. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय त्याला दात नाहीत, आणि महादेवपुऱ्यातल्या करारांवर त्याची सावलीसुद्धा पडलेली दिसत नाही.

महाराष्ट्रात काय वेगळं? आपल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात जागा दुरुस्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने केलं नाही तर भाडेकरू करून घेऊ शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत वळतं करू शकतो. लेखी करार आणि नोंदणी सक्तीची, ती जबाबदारी मालकाची. कागदावर आपण पुढे आहोत. पण पुण्या-मुंबईत आज बहुतेक घरं ‘लीव्ह अँड लायसन्स’वर जातात, आणि लायसन्सधारक म्हणजे भाडेकरू नव्हे. तो हक्क सांगायला गेला की मालक पुढच्या अकरा महिन्यांना नाही म्हणतो, झालं. शिवाय मुंबईचा इतिहास उलट दिशेने सावध करतो. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली, मालकांनी दुरुस्तीतून अंग काढलं, चाळी कलंडू लागल्या. अखेर १९६९ मध्ये उपकर लावून सरकारलाच दुरुस्ती मंडळ काढावं लागलं आणि सुमारे १९ हजार ६०० इमारती त्याच्या गळ्यात पडल्या. भाडं गोठवून घर टिकत नाही आणि भाडं मोकळं सोडलं म्हणून ते दुरुस्त होतं असंही नाही. दोन्ही प्रयोग आपण करून बसलो आहोत, एक गिरगावात, एक महादेवपुऱ्यात.

इंग्लंडात हा प्रश्न ढेकणांपासून सुरू झाला. १८४३ मध्ये ब्रायटनला एका सरदाराने सुट्टीसाठी सामानासकट घर भाड्याने घेतलं, खाटांत ढेकूण निघाले, कुटुंब घर सोडून निघून गेलं. मालकाने उरलेल्या भाड्यासाठी दावा लावला. कोर्टाने सांगितलं, सामानासकट दिलेलं घर राहण्यालायक असणं हे गृहीतच आहे. लागलीच दुसऱ्या खटल्यात ही सवलत रिकाम्या घराला नाही असं ठरलं, आणि ती सर्वांना मिळायला २०१८ चा कायदा यावा लागला. २०२० च्या डिसेंबरमध्ये रॉचडेल इथे अवाब इशाक हे दोन वर्षांचं मूल घरातल्या बुरशीमुळे गेलं. वडिलांनी तक्रारी केल्या होत्या. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक घरांना लागू झाला: ओल-बुरशीची तक्रार आली की ठरलेल्या दिवसांत तपास आणि दुरुस्ती. आपल्याकडे ओल हा अजून सौंदर्याचा प्रश्न समजला जातो. डाग दिसतोय ना, मग रंग मारा. त्या भिंतीपाशी झोपणाऱ्या पोराला सकाळी शिंका का येतात, हे कुणी जोडून बघत नाही.

जर्मनीतली एक पद्धत मात्र मला कायद्यापेक्षा मोलाची वाटते, कारण ती आपण उद्यापासून उचलू शकतो. माझी मावसबहीण म्युनिकला राहते. घर ताब्यात घेताना ती आणि मालकाचा माणूस खोलीखोलीत फिरले, ओरखडा न् ओरखडा लिहिला, मीटरचे आकडे, चाव्यांची संख्या, मग दोघांच्या सह्या. सोडताना तोच कागद पुढ्यात. तिथे स्वयंपाकघरात ओटासुद्धा आपला आपण आणावा लागतो, त्यामुळे घराचं कौतुक मला तिच्याकडून कधी ऐकायला मिळालं नाही. पण घर बिघडलं तर भाडं कायद्यानेच त्या प्रमाणात उतरतं, आणि डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर २००७ पासून डिपॉझिट सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावं लागतं. भांडण झालं तर ते कुणाचं हे तिसराच ठरवतो. बंगळुरूतलं डिपॉझिट, पूर्वी सर्रास दहा महिन्यांचं आणि आता ठिकाणानुसार बरंच कमी, हे सगळंच्या सगळं मालकाच्या खात्यात. दोन लाख समोरच्याकडे अडकलेले असताना त्याला नोटीस कोण पाठवणार? कोर्टात जाऊन मिळतील, पण तोवर आपली बदली हैदराबादला झालेली असते. दुरुस्तीचा प्रश्न खरं म्हणजे डिपॉझिटचा प्रश्न आहे, असं माझं मत होत चाललंय.

तोवर काय करायचं? मी तिसऱ्या घराच्या वेळी जे केलं ते सांगतो, सगळं जमलं असा दावा नाही. घर दोनदा बघितलं, एकदा दुपारी आणि एकदा रात्री पाऊस पडून गेल्यावर. कपाटं उघडून नाक आत घातलं; कुबट वास रंगाने झाकता येत नाही. भिंतीवर बोटाच्या पेराने टिचक्या मारल्या. गिलावा सुटलेला असला की पोकळ वाजतो. खिडकीखाली आणि बाथरूमच्या पाठच्या भिंतीवर मिठासारखी पांढरी भुकटी म्हणजे लोणा धरलाय, तिथे रंग टिकणार नाही. सिंकखाली हात घातला. सगळे नळ एकदम सोडून फ्लश ओढला. इलेक्ट्रिशियनला तीनशे रुपये देऊन अर्थिंग बघायला लावलं, कारण जड पाणी आणि जुना गीझर यांची सांगड जिवावरची असते. विजेच्या बिलावरचा आरआर नंबर स्वतंत्र आहे ना, आणि आधीच्या भाडेकरूने ‘गृहज्योती’ योजनेतून आपलं आधार सोडवलंय ना, हे विचारलं; नाहीतर दोनशे युनिटपर्यंतच्या मोफत विजेसाठी बसा वीज कंपनी बेस्कॉमच्या खेपा घालत. सगळ्यात उपयोगी निघाला तो टँकरवाला. या बिल्डिंगला उन्हाळ्यात किती खेपा पडतात, एवढं विचारलं. त्याने सांगितलेला आकडा कुठल्याच अ‍ॅपवर नव्हता.

मग चावी मिळाल्या दिवशी, सामान उतरायच्या आधी, मोबाइल हातात धरून दारापासून बाल्कनीपर्यंत एक व्हिडिओ काढला. दोषांची यादी लिहिली, सतरा बाबी निघाल्या. ती मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवर पाठवली, भांडणाच्या सुरात नव्हे, ‘माहितीसाठी’ म्हणून. त्यांचं ‘ओके’ आलं. चार बाबी त्यांनी लगेच दुरुस्त करून दिल्या, पाच माझ्याच खर्चाने झाल्या, उरलेल्या तशाच राहिल्या. पण दोन वर्षांनी घर सोडताना ती यादी काढली आणि रंगाच्या कापाकापीचा आकडा निम्म्यावर आला. हे यश लहान आहे हे मला कळतं. आणि ते मिळालं याचं एक कारण असं की आम्ही नवरा-बायको, नोकरदार, मालकाला ‘चालणारे’ भाडेकरू होतो. एकटी मुलगी, ‘बॅचलर’ पोरं, मांसाहारी, मुसलमान, ईशान्येकडचे, ज्यांना दहा दारांवर नकार मिळतो, त्यांना अकराव्या दारावरची ओल निमूट घ्यावी लागते. ओलसर खोल्या रिकाम्या राहत नाहीत त्या त्यांच्यामुळे. यादी करायची सोय त्यांना नाही. यादी मागणाऱ्याला मालक घरच देत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती माझ्या अंगावर येणारी आहे. महादेवपुऱ्यात भाड्याने राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कित्येकांचा एक फ्लॅट वाकडला, हिंजवडीला नाहीतर खराडीला असतो, हप्ते चालू असलेला, भाड्याने दिलेला. माझाही आहे. गेल्या जुलैत तिथल्या भाडेकरूचा मेसेज आला, मास्टर बेडरूमच्या कोपऱ्यात ओल येतेय, सोबत फोटो. मी मीटिंगमध्ये होतो. लिहिलं, ‘पावसाळा संपला की पेंटर पाठवतो.’ संध्याकाळी तो मेसेज पुन्हा वाचला आणि गरुडाचारपाळ्यातले मालक आठवले. पेंटर रद्द करून गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग बघणारा माणूस पाठवला. सोसायटीशी तीन महिने पत्रव्यवहार झाला, बिल रंगाच्या चौपट आलं. तुमचाही असा एखादा फ्लॅट असेल आणि तिथे नवा भाडेकरू यायचा असेल, तर रंगाऱ्याला बोलवायच्या आधी एकदा स्वतः जा आणि सगळे नळ सोडून तासभर तिथे बसा.